हार्लो, टायगर मॉथ आणि घाटग्यांचं विमान

पुण्याच्या मंडईत विमानांचा विषय निघायला फारसं निमित्त लागत नाही. लोहगावहून उठलेलं सुखोई शहराच्या डोक्यावरून गडगडत गेलं की भाजीवाल्याचा हात वजनकाट्यावर थबकतो, टिळकांच्या पुतळ्यापाशी चहा घेणाऱ्यांपैकी एखादा मान वर करतो आणि वादाला तोंड फुटतं. सुखोई भारी की राफेल, तेजसचं घोडं कुठं अडलंय, वगैरे. मग हटकून कुणीतरी शिवकर बापूजी तळपद्यांना चौपाटीवर उतरवतो. राइटबंधूंच्या आधी आपल्या माणसानं विमान उडवलं, हे ऐकायला मलाही आवडतं, पण त्याला त्या काळातला भरवशाचा कागद नाही. कागदोपत्री ठाम असलेली आणि तितकीच रंगतदार गोष्ट वेगळी आहे, ती मात्र या वादात कधी निघत नाही. कारण ती लढाऊ विमानांची नाही, वैमानिक घडवणाऱ्या विमानांची आहे. सुखोईत बसलेला पोरगा पहिल्या दिवशी सुखोईत बसलेला नसतो, एवढं साधं सत्य या गप्पांतून निसटतं.

भारतीय कारखान्यात जुळणी होऊन उडालेलं पहिलं विमान हे असंच एक शिकाऊ विमान होतं, आणि त्यामागचा माणूस सोलापूरचा.

वालचंद हिराचंदांनी तोवर बरंच काही करून पाहिलं होतं. रेल्वेची कंत्राटं, सिंदिया कंपनीची जहाजं, पुणे जिल्ह्यातच इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वसवलेलं वालचंदनगर. 1939 साली ते अमेरिकेला गेले ते मोटारींचा कारखाना काढायच्या खटपटीत. परतताना पॅसिफिक ओलांडणाऱ्या पॅन अमेरिकनच्या समुद्री विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. युरोपात महायुद्ध नुकतंच पेटलं होतं. वालचंदांनी हिशेब केला असणार: मोटारीला सरकार परवानगी देत नाही, पण युद्धात विमानाला नाही म्हणणं त्याला जड जाईल. प्रवास संपेतो मोटारीच्या जोडीला विमान आलं होतं.

सरकार तरीही लगेच पाघळलं नाहीच. ब्रिटनची स्वतःचीच विमानांची भूक मोठी होती, आणि वसाहतीत कारखाना उभा राहिला तर युद्धानंतर तो उपटून टाकता येत नाही, ही भीतीही होतीच. जागा अखेर मिळाली ती म्हैसूर संस्थानात. दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळूरला जमीन दिली आणि संस्थानानं भांडवलात वाटा उचलला. 23 डिसेंबर 1940 रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल 4 कोटी रुपये. पुढच्या वर्षी मार्चमध्ये भारत सरकारही भागीदार झालं. कामाचं मार्गदर्शन पॉलीच्या अमेरिकन माणसांकडे होतं.

आणि ऑगस्ट 1941 मध्ये, म्हणजे नोंदणीला वर्षही झालेलं नसताना, बंगळूरच्या धावपट्टीवरून हार्लो पीसी-5 जातीचं विमान उडालं.

या हार्लोचं मूळ मोठं गमतीचं आहे. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना इथल्या ज्युनियर कॉलेजात मॅक्स हार्लो हे विमानविद्येचे शिक्षक. विद्यार्थ्यांना फळ्यावर शिकवण्यापेक्षा खरं विमानच बांधायला लावू, म्हणून त्यांनी वर्गाचा प्रकल्प म्हणून एक विमान करवून घेतलं. ते इतकं नीट उडालं की त्यावरून पुढची विमानं निघाली. पीसी-5 ही त्यांतली पुढे-मागे दोन आसनांची, दोन्हीकडे नियंत्रणं असलेली आवृत्ती. पंख खाली, सगळा सांगाडा धातूचा, नाकात 165 अश्वशक्तीचं वॉर्नर इंजिन. विद्यार्थ्यांच्या वर्गात जन्मलेलं विमान विद्यार्थ्यांना शिकवायला बंगळूरला आलं, हा योगायोगच म्हणायचा. अमेरिकेहून सुटे भाग यायचे आणि इथले कामगार ते जोडायचे. एकूण विमानं मोजकीच झाली. हवाई दलाच्या इतिहासात त्यांना जेमतेम एखादं वाक्य मिळतं. पण इथल्या हातांनी रिव्हेट ठोकायला, पत्रा वाकवायला, केबल ताणायला शिकून घेतलं ते याच विमानावर. त्या अर्थानं हार्लोनं वैमानिकांपेक्षा कारागीरच जास्त घडवले.

डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरलं आणि सगळी गणितं फिरली. कारखान्यात कर्टिस हॉक लढाऊ विमानाची जुळणी 1942 मध्ये झालीही, पण सिंगापूर आणि रंगून पडल्यावर सरकारला नव्या विमानांपेक्षा मोडलेली विमानं दुरुस्त करणारा तळ हवा होता. त्याच वर्षी सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना मोकळं केलं. पुढं युद्ध संपेपर्यंत कारखाना अमेरिकन हवाई सैन्याच्या दुरुस्तीकामाला जुंपलेला राहिला. वालचंदांचं विमान उडालं खरं, पण मालकी वर्षभरातच हातची गेली.

इकडे खुद्द हवाई दलात वैमानिकांचा दुष्काळ होता. सप्टेंबर 1939 मध्ये भारतीय हवाई दलाकडे अवघी एक स्क्वाड्रन होती. 1944 च्या अखेरीस नऊ झाल्या. मधल्या पाच वर्षांत एवढे वैमानिक आले कुठून? सुरुवातीला फ्लाइंग क्लबांतून. 1928 साली जुहूला सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब, दिल्लीचा, कराचीचा, असे हौशी, श्रीमंतांचे क्लब होते. सरकारनं त्यांच्यावर 300 वैमानिक आणि 2000 मेकॅनिक तयार करण्याची योजना सोपवली. 1940 मध्ये अशा हौशी वैमानिकांतले 24 जण निवडून थेट इंग्लंडला धाडले गेले. पण हौसेवर सैन्य उभं राहत नाही. तेव्हा रीतसर शाळा निघाल्या. लाहोरजवळ वॉल्टनला प्राथमिक धडे, मग हैदराबादचं बेगमपेट किंवा जोधपूर इथं पहिलं उड्डाण, मग अंबाल्याला पुढचं शिक्षण.

बेगमपेट आणि जोधपूरला पोरांची गाठ पडायची टायगर मॉथशी.

डी हॅविलँड कंपनीचं हे दोन पंखी विमान 1931 मध्ये पहिल्यांदा उडालं. लाकूड, पोलादी नळ्या आणि वरून ताणलेलं, रोगण चढवलेलं कापड. 130 अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन, वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. आज पुण्या-मुंबईच्या द्रुतगती मार्गावर एखादा बेफाम गडी त्याच्याशी शर्यत लावेल. जगभरात अशी आठ हजारांवर विमानं बांधली गेली आणि ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियापासून भारतापर्यंत एक अख्खी पिढी त्यांवर उडायला शिकली.

सुरू करणं हाच पहिला धडा असे. याला स्टार्टर नाही. विमानाच्या चाकांना ओंडके लावायचे. एकानं आत बसायचं, दुसऱ्यानं पंख्यापाशी उभं राहायचं. बाहेरचा ओरडायचा, स्विच बंद, पेट्रोल चालू, थ्रॉटल बंद. आतल्यानं तेच शब्द जसेच्या तसे परत म्हणायचे. मग बाहेरचा पंखा हातानं हळूहळू फिरवून सिलिंडरात पेट्रोलची वाफ ओढून घ्यायचा. आणि मग "कॉन्टॅक्ट!" अशी आरोळी. आतल्यानं स्विच वर करायचा, बाहेरच्यानं पात्याला झटका देऊन त्याच दमात मागं सरायचं. पातं अंगावर आलं तर हात जायचा. ती सवाल-जबाबाची पद्धत काही कवायतीची हौस म्हणून आलेली नव्हती. आतल्याच्या तोंडून शब्द परत ऐकू आल्याशिवाय बाहेरच्यानं पात्याला हात लावायचा नाही, हा जिवाचा नियम होता.

ब्रेक नाहीत. शेपटाखाली चाक नाही, जमिनीत घासत जाणारा पोलादी तुकडा आहे, आणि तोच काय तो ब्रेक. म्हणून हे विमान गवताच्या मैदानावर खुशीत असतं, डांबरी धावपट्टीवर नाही. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी, पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं. वेग दाखवणारं एक साधन तर बाहेर पंखाच्या खांबावर लावलेलं: वाऱ्यानं मागं ढकलला जाणारा एक पत्रा आणि मागं आकडे. प्रशिक्षक पुढं बसायचा, विद्यार्थी मागं. पुढच्याला पॅराशूट घेऊन बाहेर पडता यावं म्हणून वरचा पंख पुढं सरकवला, त्यानं तोल बिघडला, म्हणून पंख मागं कलते केले. टायगर मॉथचा तो मागं रेललेला रुबाबदार पंख शोभेचा नाही, पळवाटेचा आहे.

दोघांत बोलणं व्हायचं ते रबरी नळीतून. पुढं तोंडाजवळ धरायचं नळकांडं, मागं कानटोपीत शिरलेल्या दोन फांद्या. विजेचा संबंध नाही. रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश प्रशिक्षकानं पहिल्या महायुद्धात गॉस्पोर्टच्या तळावर ही नळी रूढ केली, म्हणून ती गॉस्पोर्ट नळी. वर उघडं आकाश, समोर इंजिन, कानात वारा. रविवारी सकाळी मंडईत दोन गाळ्यांमधून एकमेकांना भाव सांगायचा तसा प्रकार. त्यातून ऐकायला यायच्या त्या बहुतेक शिव्याच, असं त्या पिढीच्या बऱ्याच वैमानिकांनी सांगून ठेवलंय.

टायगर मॉथबद्दल वैमानिकांचं एक मत जुनं आहे: ते उडवायला सोपं, पण नीट उडवायला अवघड. मला या विमानाच्या यशाचं मर्म इथंच दिसतं. वळवण्यासाठी पंखांच्या कडेला जे हलते भाग असतात, ते याला फक्त खालच्या पंखांना आहेत. त्यामुळं नुसती दांडी एका बाजूला रेटली तर नाक उलट्या दिशेला भरकटतं. पाय आणि हात एकाच वेळी, बरोबर मापात चालवावे लागतात. चुकलं तर विमान पडत नाही, पण तिरकं घसरतं, आणि प्रशिक्षकाला ते गालावर लागणाऱ्या वाऱ्यावरून कळतं. चूक लपत नाही आणि चुकीसाठी जीवही जात नाही. शिकाऊ विमानाकडून यापलीकडे काय हवं? फार माफ करणारं विमान वाईट विद्यार्थी तयार करतं आणि अजिबात माफ न करणारं विमान विद्यार्थीच उरू देत नाही. तरी शाळांमध्ये माणसं गेलीच. ब्रिटिश हवाई दलाचे हजारो तरुण शत्रूचं तोंडही न बघता प्रशिक्षणात दगावले.

युद्धानं या विमानाला इतरही कामं लावली. 1940 च्या उन्हाळ्यात जर्मन इंग्लंडवर उतरणार अशी धास्ती होती, तेव्हा टायगर मॉथच्या पोटाखाली प्रत्येकी 20 पौंडांचे आठ बॉम्ब लावायची योजना झाली. उतरत्या छत्रीधारी सैनिकांची छत्री फाडण्यासाठी विळ्यासारखं पातं लावून पाहण्याचा उद्योगही एकानं केला. सुदैवानं त्याची वेळ आली नाही. ब्रह्मदेशच्या आघाडीवर मात्र टायगर मॉथनं खरी सेवा केली. मागच्या धडाचं कापडी छप्पर कापून बिजागरीचं झाकण बसवलं की आत एक जखमी माणूस आडवा मावायचा. जंगलातल्या छोट्याशा मोकळ्या पट्टीवर उतरायचं, जखमी उचलायचा आणि निघायचं. जिथं मोठं विमान उतरू शकत नव्हतं, तिथं हे शाळामास्तर उतरलं.

अंबाल्याची गोष्ट उलटी. तिथं पुढच्या शिक्षणासाठी होती वापिटी, हार्ट आणि ऑडॅक्स ही विमानं. एके काळी हीच आघाडीवर लढायची. वायव्य सरहद्दीवर वापिटीनं भारतीय हवाई दलाची पहिली वर्षं ओढली होती. म्हातारपणी ती शाळेत आली. एखाद्या विमानाचा पूर्ण सेवाकाळ पाहायचा तर तो असा असतो: तरुणपणी लढाई, मग टेहळणी, मग लक्ष्य ओढायचं काम, शेवटी विद्यार्थी. इतिहास लिहिणारे पहिल्या टप्प्यावर थांबतात.

युद्धाच्या मध्यावर अंबाल्याला हार्वर्ड आलं आणि चित्र पालटलं. नॉर्थ अमेरिकन कंपनीचं हे विमान सगळं धातूचं, 600 अश्वशक्तीचं वास्प इंजिन, चाकं पोटात ओढून घेणारं. टायगर मॉथवरून याच्यात बसलेल्या पोराला एकदम चौपट-पाचपट ताकद हाती यायची. वेगात असताना पंख्याच्या पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाच्या आसपास जायची, त्यातून निघणारी कर्कश आरोळी कोसभर ऐकू जायची. उतरताना लक्ष ढळलं तर हार्वर्ड जमिनीवर गर्रकन स्वतःभोवती फिरायचं आणि पंख घासायचं. जगभरात पंधरा हजारांवर बांधलेल्या या विमानानं भारतात टायगर मॉथपेक्षाही लांब नोकरी केली. 1947 च्या अखेरीस काश्मीर वाचवण्याच्या धामधुमीत श्रीनगरहून स्पिटफायरच्या जोडीला हार्वर्डही लढाईत उतरली, आणि नंतर 1970 च्या दशकापर्यंत ती वैमानिक घडवत राहिली.

युद्ध संपल्यावर 'डिस्पोजल'चा काळ आला. जुन्या पुणेकरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पॅराशूटचं कापड, लष्करी बूट, तंबू, जीपचे भाग, सगळं बाजारात आलं. विमानंही आली. अनेक टायगर मॉथ फ्लाइंग क्लबांकडे गेली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत नागरी वैमानिक होऊ पाहणारी पोरं लष्करानं टाकलेल्या याच विमानांवर शिकली. फाळणीत वॉल्टन पाकिस्तानात गेलं. बेगमपेट, जोधपूर आणि अंबाला इकडे राहिले, म्हणून आपली घडी त्यातल्या त्यात लवकर बसली. ब्रिटिश पर्सिव्हल प्रेंटिस हे नवं शिकाऊ विमान बंगळूरला जोडून घेण्यात आलं, पण दुसऱ्याचं विमान जोडणं आणि आपलं विमान काढणं यात फरक असतो.

तो फरक भरून काढला विष्णू माधव घाटगे यांनी. कोल्हापूर जिल्ह्यात 1908 मध्ये जन्मलेला हा माणूस शिकायला गेला तो थेट जर्मनीत गोटिंगेनला, लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली. हवेतून जाणाऱ्या वस्तूच्या पृष्ठभागालगत हवेचा जो पातळ थर चिकटून राहतो, त्याचं शास्त्र मांडणारे हेच प्रांट्ल. आजचं सगळं वायुगतिशास्त्र त्यांच्या ऋणात आहे. 1936 मध्ये डॉक्टरेट घेऊन घाटगे परतले आणि पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आले. युद्धाच्या ऐन धामधुमीत, 1942 च्या सुमारास, त्यांनी दहा माणसं नेणारं लाकडी ग्लायडर आखलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्याच वर्षअखेरीस विमानविद्येचा विभाग सुरू झाला, तिथंही ते शिकवत.

स्वतंत्र भारताचं स्वतः आखलेलं पहिलं शक्तिचलित विमान कोणतं असावं? लढाऊ नाही, प्रवासी नाही, शिकाऊ. घाटग्यांची एचटी-2. 5 ऑगस्ट 1951 रोजी जमशेद मुन्शी यांनी ती पहिल्यांदा उडवली. एका पंखाची, सगळी धातूची, पुढे-मागे दोन आसनं, स्थिर चाकं. उत्पादनातल्या विमानांत 155 अश्वशक्तीचं ब्रिटिश सिरस मेजर इंजिन. दिसायला साधी, पण तिच्यातला शहाणपणा निवडीत आहे. ज्या देशात पत्रा, मिश्रधातू, मोजमापाची यंत्रं, सगळंच नवं होतं, तिथं छोटं विमान पूर्ण आपलं करणं हे मोठं विमान अर्धवट उचलण्यापेक्षा कठीणही होतं आणि उपयोगाचंही. 1955 पासून ती हवाई दलात आली आणि दीडशेच्या वर बांधली गेली. टायगर मॉथचं काम हिनं घेतलं.

आणि ही गोष्ट मला या सगळ्यात फार आवडते: 1959 मध्ये नव्यानं स्वतंत्र झालेल्या घानानं आपलं हवाई दल भारताच्या मदतीनं उभं केलं, तेव्हा त्याची सुरुवात बारा एचटी-2 विमानांनी झाली. कोल्हापूरच्या माणसाच्या आखणीवर पश्चिम आफ्रिकेतली पोरं उडायला शिकली. मराठी माणूस अटकेपार गेला वगैरे म्हणतो आपण, त्यात याची नोंद क्वचितच होते. आपल्या शेजारच्या बीदरच्या तळावर तर एचटी-2 अनेक वर्षं घरची होती. 1980 च्या दशकात एचपीटी-32 'दीपक' येईपर्यंत हवाई दलाची अक्षरओळख हिच्यावरच होत राहिली. घाटगे पुढे 'किरण' या जेट शिकाऊ विमानाच्या आखणीचेही प्रमुख होते. ते 4 सप्टेंबर 1964 रोजी उडालं. सरकारनं 1965 मध्ये त्यांना पद्मश्री दिली. पुण्यात एखाद्या चौकाला त्यांचं नाव असतं तर वावगं झालं नसतं.

नंतरचा भाग थोडा कडू आहे. 'दीपक'चं इंजिन हवेत बंद पडायचं, आणि बंद पडल्यावर हे जड विमान तरंगत जाण्याऐवजी झपाट्यानं खाली यायचं. सतरा अपघात आणि एकोणीस वैमानिकांचे मृत्यू झाल्यावर 2009 मध्ये त्याला जमिनीवर बसवलं गेलं. टायगर मॉथ आणि एचटी-2 ज्या कसोटीला उतरल्या, की चूक दाखव पण जीव घेऊ नको, ती कसोटी इथं नापास झाली. काही वर्षं देशाकडे पहिल्या पायरीचं धड शिकाऊ विमानच नव्हतं. 'किरण'वरच पहिले धडे द्यावे लागले, आणि 2013 पासून स्वित्झर्लंडहून आणलेली 75 पिलाटस विमानं आली. स्वदेशी एचटीटी-40 च्या 70 विमानांचा करार 2023 च्या मार्चमध्ये झाला. त्याची दुसरी उत्पादनसाखळी आता महाराष्ट्रातच, नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये तिचं उद्घाटन झालं.

इंजिन मात्र अजून बाहेरचंच. हार्लोचं वॉर्नर अमेरिकन, एचटी-2 चं सिरस ब्रिटिश, 'दीपक'चं लायकमिंग अमेरिकन, आणि एचटीटी-40 चं हनीवेलही अमेरिकन. करार झाल्यावरही या विमानांची वाट पाहावी लागली, त्यात इंजिनं वेळेवर न येणं हे एक मोठं कारण होतं.